रेक्स, रेगिस: लॅटिन शब्दाची फोड कशी करायची

लॅटिन नव्याने शिकणारा पहिल्याच आठवड्यात एका जागी अडतो. 'रेक्स' म्हणजे राजा, हे त्याने पाठ केलेलं असतं. समोरच्या वाक्यात मात्र 'रेगेम' येतं, पुढच्या ओळीत 'रेगिबुस', आणि हे दोन्ही शब्द छापील कोशात शोधले तर सापडत नाहीत. दोष कोशाचा नाही. लॅटिन नामाचं कोशातलं पहिलं रूप बहुतेकदा सर्वांत फसवं असतं, आणि नवखा माणूस नेमकं तेच पाठ करतो.

या लेखात 'रेक्स' हा एकच शब्द शेवटपर्यंत सोलून पाहू: त्याची रूपं, तो कुठून आला, आणि रोममध्ये त्याला काय अर्थ होता. शाळेत संस्कृतची विभक्ती रूपं घोकलेल्या मराठी माणसाला हा शब्द इतरांपेक्षा लवकर उमगतो. का, ते तिसऱ्या पायरीवर दिसेल.

आधी उच्चाराचं. इथली रूपं अभिजात, म्हणजे सिसेरो-सीझरच्या काळच्या (इ.स.पू. पहिल्या शतकातल्या) उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. त्या उच्चारात 'ग' नेहमी 'ग'च राहतो, म्हणून राणीसाठीचा शब्द 'रेगीना'. चर्चमधल्या लॅटिनमध्ये 'ए' आणि 'इ' यांच्या आधी त्याचा 'ज' होतो, म्हणून गोव्यातल्या किंवा वसईतल्या प्रार्थनेत 'रेजीना' ऐकू येईल. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एका वाक्यात दोन्हींची खिचडी करू नये. दुसरी अडचण आपल्या लिपीची. लॅटिनमध्ये 'ए' ऱ्हस्वही असतो आणि दीर्घही, आणि मराठीत त्यासाठी दोन चिन्हं नाहीत. 'रेक्स'मधला 'ए' दीर्घ आहे. जिथे ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी 1: कोशातली नोंद पूर्ण वाचा

लॅटिन कोशात नामाच्या नोंदीत तीन गोष्टी असतात: प्रथमा एकवचन, षष्ठी एकवचन आणि लिंग. इथे त्या आहेत 'रेक्स', 'रेगिस' आणि पुल्लिंगाची खूण. छोट्या कोशात षष्ठीचं रूप पूर्ण न देता फक्त शेपूट दिलेलं असतं. लुईस आणि शॉर्ट यांचा 1879 चा मोठा कोश इंटरनेटवर मोफत मिळतो आणि तो या कामाला पुरेसा आहे.

वहीत शब्द उतरवताना 'रेक्स = राजा' असं कधीही लिहू नका. 'रेक्स, रेगिस, पुं., राजा' असं लिहा. पाठ करतानाही जोडीच म्हणा. ही सवय पहिल्या दहा शब्दांत लागली नाही तर पुढचे पाचशे शब्द पुन्हा पाठ करावे लागतात.

पायरी 2: षष्ठीचं शेपूट कापा

'रेगिस'मधला 'इस' काढला की उरतं 'रेग्'. हे शब्दाचं खरं अंग. सगळे प्रत्यय यालाच लागतात.

मग 'रेक्स'मध्ये 'ग्' कुठे गेला? प्रथमेचा प्रत्यय आहे 'स्'. रेग् + स् असं झालं की मागून येणाऱ्या अघोष 'स्'मुळे 'ग्' कठोर होऊन 'क्' बनतो आणि 'क्स्' तयार होतं. लॅटिन लिपीत या जोडाक्षराला एकच अक्षर आहे, एक्स. म्हणजे 'रेक्स' हे अंग नाही, तो संधी झालेला शब्द आहे.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण एक्सच्या आड नेहमी 'ग्'च दडलेला असतो असं नाही. 'लेक्स, लेगिस' (कायदा) आणि 'ग्रेक्स, ग्रेगिस' (कळप) 'रेक्स'सारखे चालतात. पण 'दुक्स, दुकिस' (सेनानी), 'पाक्स, पाकिस' (शांतता), 'वोक्स, वोकिस' (आवाज) यांत मुळातच 'क्' आहे. 'नोक्स, नोक्तिस' (रात्र) मध्ये 'क्त्' आहे, तर 'निक्स, निविस' (बर्फ) कोणत्याच अंदाजात बसत नाही. प्रथमेवरून षष्ठी ओळखता येत नाही. षष्ठीवरून प्रथमा बहुतेकदा ओळखता येते. म्हणून पाठांतराचा भर षष्ठीवर.

पायरी 3: प्रत्यय लावा, शेजारी संस्कृत ठेवा

'रेक्स' तिसऱ्या गणातलं (गण म्हणजे सारखी चालणाऱ्या नामांचा गट) व्यंजनान्त नाम आहे. खाली आधी लॅटिनचं एकवचन आणि बहुवचन, मग संस्कृत 'सम्राज्' शब्दाची तीच रूपं दिली आहेत.

प्रथमा: रेक्स, रेगेस (सम्राट्, सम्राजः)
द्वितीया: रेगेम, रेगेस (सम्राजम्, सम्राजः)
चतुर्थी: रेगी, रेगिबुस (सम्राजे, सम्राड्भ्यः)
पंचमी: रेगे, रेगिबुस (सम्राजः, सम्राड्भ्यः)
षष्ठी: रेगिस, रेगुम (सम्राजः, सम्राजाम्)
संबोधन: रेक्स, रेगेस (सम्राट्, सम्राजः)

हे दोन्ही स्तंभ एकदा मोठ्याने म्हणून पाहा. प्रथमा एकवचनात दोन्हीकडे अंग बिघडतं. द्वितीयेत दोन्हीकडे 'म्' येतो. प्रथमा आणि द्वितीयेचं बहुवचन दोन्हीकडे सारखंच. चतुर्थी आणि पंचमीचं बहुवचनही दोन्हीकडे सारखंच, आणि 'बुस' व 'भ्यः' हे प्रत्यय एकमेकांचे भाऊबंद आहेत. युरोपातल्या विद्यार्थ्याला हा तक्ता कोरा पाठ करावा लागतो. आपल्याला तो अर्धा आधीच येत असतो.

'सम्राज्' का घेतला आणि 'राजन्' का नाही? 'राजन्' हा नकारान्त शब्द आहे, त्याला 'अन्' हा जादा प्रत्यय जोडलेला आहे. 'रेक्स' म्हणजे नुसतं अंग आणि विभक्तीचा प्रत्यय, मध्ये काही नाही. 'सम्राज्'मधला 'राज्' तसाच आहे. 'रेक्स म्हणजे आपला राजा' असं म्हटलं तर नातं खोटं ठरत नाही, पण नेमकं जुळणारं रूप 'सम्राट्'मधलं 'राट्' आहे.

वापरात तीन जागी घसरायला होतं.

पहिली जागा पंचमीची. लॅटिनची पंचमी संस्कृतातल्या तृतीयेचं आणि बऱ्याच अंशी सप्तमीचंही काम करते. म्हणून 'रेगे' हे एकटं रूप पाहून 'राजापासून' असा अर्थ लावू नका. 'कुम रेगे' म्हणजे राजासोबत. 'आ रेगे' म्हणजे राजापासून किंवा राजाकडून. कर्मणी प्रयोगात कर्ता माणूस असेल तर हा 'आ' सहसा हवाच. संस्कृतच्या सवयीने नुसती विभक्ती लावून मोकळे झालात तर वाक्य चुकतं.

दुसरी जागा षष्ठीच्या बहुवचनाची. या गणात काही शब्दांना 'उम' लागतो, काहींना 'इउम'. ढोबळ नियम असा: षष्ठी एकवचनातल्या 'इस'च्या आधी दोन व्यंजनं असतील तर 'इउम', एकच असेल तर 'उम'. 'उर्बिस' (शहराचं) मध्ये 'र्' आणि 'ब्' आहेत, म्हणून 'उर्बिउम'. 'रेगिस'मध्ये एकटा 'ग्', म्हणून 'रेगुम'. अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढ्यावर भागतं.

तिसरी जागा जरा कपटी आहे. याच धातूचं क्रियापद आहे 'रेगो', म्हणजे 'मी राज्य करतो, मी दिशा देतो'. त्यातला 'ए' ऱ्हस्व. छापील मजकुरात दीर्घाची खूण सहसा नसते, त्यामुळे चार जोड्या डोळ्यांना एकसारख्या दिसतात. 'रेगिस' म्हणजे राजाचा किंवा 'तू राज्य करतोस'. 'रेगेस' म्हणजे राजे किंवा 'तू राज्य करशील'. 'रेगी' म्हणजे राजाला किंवा 'राज्य केलं जाणं'. 'रेगे' म्हणजे राजापासून किंवा आज्ञार्थी 'राज्य कर'. उपाय एकच: आधी वाक्यातलं क्रियापद शोधा. दुसरं क्रियापद स्पष्ट दिसत असेल तर हे बहुधा नाम, आणि काहीच नसेल तर संशय इथे घ्या. 'रेगेम' मात्र फक्त नामच असू शकतं. घोटाळ्याच्या वाक्यात तोच खुंटा धरावा.

आणखी एक रचना संस्कृतवाल्यांना फुकटात मिळते. रोमन इतिहासकारांच्या लिखाणात 'रेगिबुस एक्साक्तिस' असे शब्द भेटतात: 'राजांना हाकलून दिल्यावर'. नाम आणि धातुसाधित दोन्ही पंचमीत, मुख्य वाक्याशी संबंध नाही. ही आपली सति सप्तमीच, फक्त विभक्ती वेगळी.

पायरी 4: खऱ्या अक्षरांवर हात बसवा

रूपं आली की लगेच खरा मजकूर घ्यावा. पुस्तकातल्या कृत्रिम वाक्यांपेक्षा दगडावरची आणि धातूवरची अक्षरं बरी, कारण ती छोटी असतात.

पहिला धडा गोवा-वसईतल्या कितीतरी क्रुसांवर आहे. वरच्या पट्टीवरची चार अक्षरं, आय-एन-आर-आय, ही चार शब्दांची आद्याक्षरं आहेत: 'येसुस नाझारेनुस रेक्स यूदाइओरुम'. फोड करू. 'येसुस' प्रथमा. 'नाझारेनुस' विशेषण, तेही प्रथमेत. 'रेक्स' प्रथमा, म्हणजे तिन्ही एकाच व्यक्तीबद्दल. 'यूदाइओरुम' षष्ठी बहुवचन, यहुद्यांचा. 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा.' क्रियापद नाही आणि त्याची गरजही नाही. मराठी पाटीवर तरी 'आहे' कोण लिहितं!

दुसरा धडा जुन्या ब्रिटिश पेनीचा. जॉर्ज पंचमच्या रुपयावर मजकूर इंग्रजीत आहे, किंग एम्परर. पण त्याच राजाच्या ब्रिटनमधल्या पेनीवर लॅटिन आहे आणि तेही तुकड्यातुकड्यांत. 'देइ ग्रा' म्हणजे 'देइ ग्रातिआ', देवाच्या कृपेने: पहिला शब्द षष्ठी, दुसरा पंचमी. 'ब्रित्त ओम्न' म्हणजे 'ब्रितान्निआरुम ओम्निउम', सर्व ब्रिटनांचा. यातला 'त' दोनदा कोरलाय तो चुकून नाही. संक्षेपात अक्षर दुप्पट केलं की अनेकवचन समजायचं, अशी जुनी रीत आहे. मग 'रेक्स'. शेवटी 'इंद इंप', 'इंदिआइ इम्पेरातोर', भारताचा सम्राट. हे शेवटचे दोन तुकडे 1949 पासूनच्या नाण्यांवरून गेले, कारण सांगायला नको. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर 'रेक्स'च्या जागी 'रेगीना' दिसतं. तो पहिल्या गणातला स्त्रीलिंगी शब्द आहे, षष्ठी 'रेगीनाइ'.

तिसरा धडा वकिलीच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा. सदोष मनुष्यवध आणि खून यांतला फरक शिकताना मुंबई उच्च न्यायालयाचा 1876 चा निवाडा येतो, 'रेग. विरुद्ध गोविंदा'. हे 'रेग.' म्हणजे 'रेगीना', फिर्यादी पक्ष म्हणून व्हिक्टोरिया राणी. इंग्लंडमध्ये आजही फौजदारी खटल्याच्या नावात नुसतं 'आर' हे अक्षर असतं. 8 सप्टेंबर 2022 पर्यंत ते 'रेगीना' वाचलं जाई, राणी एलिझाबेथ वारल्यावर 'रेक्स'. अक्षर तेच राहिलं, लिंग बदललं.

रोपवाटिकेत मिळणाऱ्या रेक्स बिगोनियाचा छोटासा प्रश्नही इथेच सोडवून टाकू. ईशान्य भारतातल्या या झाडाचं शास्त्रीय नाव 'बेगोनिया रेक्स'. बेगोनिया स्त्रीलिंगी, मग 'रेगीना' का नाही? कारण 'रेक्स' हे नाम आहे. विशेषण असतं तर लिंगाप्रमाणे बदललं असतं. नावाला जोडलेलं नाम जसंच्या तसं राहतं. 1905 साली नाव मिळालेल्या टिरॅनोसॉरस रेक्सलाही हाच नियम.

पायरी 5: उगम शोधा, पण ध्वनीच्या हिशेबाने

दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून नातेवाईक ठरत नाहीत. एकच ध्वनिबदल अनेक शब्दांत पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे. 'रेक्स' आणि 'राज्' यांना ही कसोटी लावू.

स्वर: लॅटिनच्या 'ए'समोर संस्कृतात 'अ' किंवा 'आ' येतो. 'एस्त' आणि 'अस्ति', 'सेप्तेम' आणि 'सप्त', दीर्घ असेल तर 'सेमि' आणि 'सामि' (अर्धं). म्हणून 'रेग्' आणि 'राज्' हे स्वर बसतात.

व्यंजन: इथे खरी गंमत आहे. संस्कृतात 'ज्' दोन प्रकारे वागतो. 'युज्'चं होतं 'युक्त', पण 'सृज्'चं 'सृष्ट' आणि 'यज्'चं 'इष्ट'. दिसायला एकच 'ज्', पण मुळात ते दोन वेगळे ध्वनी होते. लॅटिनने दोन्हींचा 'ग्' करून टाकला, संस्कृतने त्यांच्या वागणुकीत फरक जपला. 'राज्' दुसऱ्या गटातला. म्हणून प्रथमेत 'राट्', आणि 'त्र' प्रत्यय लागला की 'राष्ट्र'. 'महाराष्ट्र' या नावातला 'राष्ट्र' आणि 'रेक्स' यांचं मूळ एक, ते असं.

धातूचा मूळ अर्थ 'सरळ करणं, सरळ रेषेत नेणं' असा मानतात. लॅटिनमध्ये 'रेक्तुस' म्हणजे सरळ, 'रेगुला' म्हणजे रेघ मारायची पट्टी, 'रेगिओ' म्हणजे आधी दिशा किंवा रेषा आणि मग सीमेने आखलेला प्रदेश. संस्कृतातला 'ऋजु' याच घरातला. आपण दिवसातून दहादा म्हणतो ते करेक्ट, डायरेक्ट, रेग्युलर, रूल हे शब्द इथूनच निघाले आणि इंग्रजीतून आपल्याकडे आले. रोमन पोरं खेळताना 'रेक्स एरिस, सि रेक्ते फाकिएस' म्हणत, असं रोमन कवी होरेसने नोंदवलं आहे: 'नीट केलंस तर राजा होशील'. 'रेक्स' आणि 'रेक्ते', धातू एकच.

लोकव्युत्पत्तीपासून मात्र सावध राहा. 'राजा प्रकृतिरञ्जनात्', प्रजेला रंजवतो म्हणून राजा, असं रघुवंशात आहे. काव्य म्हणून सुंदर, व्युत्पत्ती म्हणून चूक. 'रञ्ज्' हा निराळा धातू आहे.

भाऊबंद पश्चिमेकडेही आहेत. केल्टिक भाषांत दीर्घ 'ए'चा 'ई' होतो. इ.स.पू. 52 मध्ये सीझरविरुद्ध गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) उठलेल्या व्हेर्किंगेतोरिक्सच्या नावातलं शेवटचं 'रिक्स' म्हणजे राजाच.

या शब्दाचा सर्वांत जुना पुरावा रोमच्या फोरममध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या मुख्य चौकात, 1899 साली सापडला. काळ्या फरशीखाली एक तुटका शिलालेख आहे, साधारण इ.स.पू. सहाव्या शतकातला. त्यावर 'रेकेइ' अशी अक्षरं वाचता येतात. तेव्हा लिपीत 'ग'साठी वेगळं अक्षर नव्हतं, ते इ.स.पू. तिसऱ्या शतकात आलं. म्हणून हे 'रेगेइ' वाचायचं: चतुर्थी एकवचन, 'राजाला'. पुढे या 'एइ'चा 'ई' झाला आणि आपल्या तक्त्यातलं 'रेगी' तयार झालं. संस्कृतातल्या 'सम्राजे'चा 'ए'सुद्धा जुन्या जोडस्वरातूनच आला आहे.

पायरी 6: अर्थ काळाप्रमाणे लावा

कोशात 'राजा' लिहिलंय म्हणून प्रत्येक ठिकाणी 'राजा' टाकू नका. परंपरेप्रमाणे रोममध्ये इ.स.पू. 753 ते 509 राजांची सत्ता होती आणि शेवटच्या तार्क्विनिउसला हाकलल्यावर 'रेक्स' ही शिवी झाली. प्रजासत्ताकाच्या काळातला वक्ता प्रतिस्पर्ध्याला 'रेक्स' म्हणतो तेव्हा 'हुकूमशहा' हा अर्थ जवळचा. परक्या देशाच्या राजाबद्दल असेल तर साधा 'राजा' चालतो. विनोदी नाटकात आश्रित माणूस आपल्या श्रीमंत पोशिंद्याला 'रेक्स' म्हणतो, तिथे आपलं 'मालक' बसतं. 'रेक्स साक्रोरुम' हा तर पुरोहित. राजे गेले तरी राजाने करायचे धर्मविधी कुणीतरी करायलाच हवे होते, म्हणून हे पद ठेवलं आणि त्याला राजकीय पद धरायला बंदी केली.

इ.स.पू. 44 च्या सुरुवातीला लोकांनी सीझरला 'रेक्स' म्हणून हाक मारली. रोमन चरित्रकार सुएतोनिउस सीझरचं उत्तर नोंदवतो: 'काइसारेम से, नोन रेगेम एस्से', आपण सीझर आहोत, राजा नाही. दोन्ही नामं द्वितीयेत का? कारण हे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगितलं आहे, आणि लॅटिनमध्ये अशा वेळी कर्ता द्वितीयेत जातो, क्रियापद 'एस्से'सारखं भाववाचक होतं. शिवाय कोटीही आहे. 'रेक्स' हे मार्किउस कुळातलं आडनाव होतं आणि सीझरची आजी त्याच कुळातली. 'माझं आडनाव सीझर, रेक्स नव्हे' असाही अर्थ निघतो. कोटीने लोकांचा संशय फिटला नाही. 15 मार्चला त्याचा खून झाला. पुढे त्याचा वारस ऑगस्टसने सगळी सत्ता घेतली, पण हा शब्द टाळला.

पायरी 7: पुढच्या भाषांत शब्द ओळखा

पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच या भाषांतली नामं बहुतेक लॅटिनच्या द्वितीयेतून उतरली आहेत. म्हणून 'रेक्स' नाही, 'रेगेम' पुढे आलं: मधला 'ग' गळाला आणि पोर्तुगीजमध्ये 'रेइ' उरलं. अनेकवचन 'रेइस'. मांडवीच्या तीरावर, पणजीच्या समोर जो 1551 चा रेईस मागोस किल्ला आहे त्याचं नाव म्हणजे 'ज्ञानी राजे', बाळ येशूला भेटायला आलेले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पोर्तुगीज काळात 'रेइस' नावाने पैशांचाही हिशेब होई. ते 'रेइ'चं अनेकवचन नाही. नाण्याचं नाव 'रेआल', ते 'रेगालिस' (राजाचं, शाही) या विशेषणातून आलं, आणि 'रेआल'चं जुनं अनेकवचनही कानाला तसंच लागतं. त्याच 'रेगालिस'ने फ्रेंचमार्गे इंग्रजीला 'रॉयल' दिलं.

सरावासाठी पुढचा शब्द 'वोक्स, वोकिस' घ्या. शेजारी 'वाच्' ठेवा, 'वाक्, वाचम्, वाचः' असं म्हणत जा. फक्त लक्षात असू द्या, 'वोक्स' स्त्रीलिंगी आहे, संस्कृतातल्या वाणीसारखाच.